सरोवराला मान, काठाला झाडू

लोणार सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा जाहीर झाला नोव्हेंबर २०२० मध्ये. अभयारण्य त्याच्या आधीचं, २००० सालचं. म्हणजे २०२५ मध्ये एकाची पाच आणि दुसऱ्याची पंचवीस वर्षं भरली. हा दुहेरी योग साधून काढलेलं एका स्वच्छता मोहिमेचं पत्रक फिरत फिरत माझ्या मोबाइलवर आलं. आगाऊ नोंदणी, छापील टी-शर्ट, नाश्त्याचं पाकीट आणि शेवटी प्रमाणपत्र. खाली ठळक अक्षरांत सूचना: नोंदणी नसलेल्यांना सोडलं जाणार नाही. ज्या काठावर आम्ही उमेदीची वर्षं पोती भरण्यात घालवली, तिथे कचरा उचलायलाही आता नाव नोंदवावं लागणार. वाचून आधी हसू आलं, मग डोकं तापलं. ते अजून उतरलेलं नाही, तेव्हा पुढचं सगळं त्याच तापात लिहिलेलं आहे असं समजून वाचावं.

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पण खारं पाणी आहे, त्याला काठ आहे, काठावर देवळं आहेत, देवीची यात्रा आहे आणि पाहुणे आहेत. किनाऱ्यावरच्या गावाला जे भोगावं लागतं ते सगळं लोणारनं मुक्कामाला समुद्र नसताना भोगलं आहे.

जुना इतिहास मला कंटाळा आणतो, तो भरभर उरकतो. लवणासुराला विष्णूनं मारलं, त्याचं दैत्यसूदन मंदिर गावात आहे. ऐन-ए-अकबरीत सरोवराचा उल्लेख आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षं इथल्या खाऱ्या थरांतून मीठ आणि सोडा काढला जायचा. ज्वालामुखीचं तोंड की उल्केचा घाव, हा वाद दीडशे वर्षं चालला. १८९६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी लोणारचं अ‍ॅरिझोनातल्या विवराशी असलेलं साम्य दाखवलं आणि १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या शोधनिबंधानं उल्कापाताच्या बाजूनं निकाल दिला. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली कडेपासून दीडशे मीटरच्या आत. वय आधी बावन्न हजार वर्षं सांगायचे, मग २०१० च्या सुमाराला आर्गॉन पद्धतीनं मोजलं तेव्हा ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात गेलं. आमच्याकडचे काही फलक अजून बावन्न हजारांवरच अडलेत. काही फलकांवर ‘बेसाल्टमधलं जगातलं एकमेव’ असंही लिहिलेलं असतं. ब्राझीलमध्येही बेसाल्टवर झालेले आघाताचे खड्डे आहेत, ते मोठे आहेत आणि फार झिजलेले आहेत. लोणार त्यातलं सर्वांत चांगलं टिकलेलं, एवढं लिहिलं तरी पुरे होतं. पण आपल्याला ‘एकमेव’शिवाय घास उतरत नाही.

आता माझं दशक. साधारण २००४ ते २०१४. अभयारण्य कागदावर आलेलं होतं, पण काठावर त्याचा धाक नव्हता. विवराच्या पोटात शेती चालायची. गावाचं सांडपाणी उतार धरून खाली यायचं. धारेवर, म्हणजे गोमुखाच्या बारमाही झऱ्यावर, बायाबापड्या आंघोळी करायच्या, धुणं धुवायच्या आणि साबणाचा फेस कुंडातून ओसंडून खाली निघायचा. नवरात्रात कमळजादेवीची यात्रा भरली की सरोवराच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नसे. यात्रा उलगडली की आम्ही खाली उतरायचो.

आम्ही म्हणजे कोण? गावातले दोन-तीन शिक्षक, कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं, एक फोटो स्टुडिओवाला, एक औषधांचा दुकानदार आणि मेहकरहून पहिल्या एसटीनं येणारे माझ्यासारखे हौशी. संस्था नव्हती, लेटरहेड नव्हतं. खताची रिकामी पोती, विळे, दोन घमेली आणि हातमोज्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या. ओटीचे ब्लाऊजपीस, सुकलेले हार, नारळाच्या शेंड्या, गुटख्याच्या पुड्या, साबणाच्या झिजलेल्या वड्या, नवस फेडून तिथेच सोडलेले कपडे. पोती डोक्यावर घेऊन ती पायवाट चढणं म्हणजे काय असतं ते ज्यानं चढलंय त्यालाच ठाऊक. देवळापाशी बसलेली एक म्हातारी आम्हाला दरवर्षी विचारायची, “काहून उचलता रे भाऊ? पुढच्या साली पुन्हा पडनच ना!” तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजच्या आराखड्यांकडेही नाही.

पण पोती भरणारे तेच लोक दुपारी वाटाडे व्हायचे. आलेल्या पाहुण्यांना सरोवराच्या पाण्यात हळदीचा कागद बुडवून दाखवायचे. कागद लालभडक झाला की शाळेतली पोरं ओरडायची. सामू म्हणजे काय, दहाच्या वर गेला की पाण्यात काय जगतं आणि काय मरतं, हे त्या एका कागदावर कळायचं. दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक काठच्या मातीतून फिरवला की काळे कण त्याला लगडायचे. टिबुकली, शेकाट्या, हिवाळ्यात येणारी चक्रवाकं, झाडीतले मोर. वेडी बाभूळ कशी सगळं गिळत चालली आहे, तेही. या सगळ्याचे पैसे कुणी दिले तर घ्यायचे, नाही दिले तर चहा. नाव नव्हतं, पण निसर्ग पर्यटन यापेक्षा वेगळं काही असतं असं मला अजून वाटत नाही.

त्या दशकाचे हिशेब काही चुकते करायचे आहेत, ते इथेच करतो. पहिला, खिशात दगड घालून नेणाऱ्यांचा. उल्केच्या तडाख्यानं वितळून काच झालेला खडक हा सरोवराचा जन्मदाखला आहे. तो तुकड्यातुकड्यानं मुंबई-पुण्याच्या शोकेसमध्ये गेला. नेणाऱ्यांत शिकलेलेच जास्त होते, कारण अडाण्याला तो दगड ओळखूच येत नव्हता. दुसरा, व्याख्यात्यांचा. आमच्याच वाटाड्यांकडून सगळं ऐकून घ्यायचं आणि शहरात ‘माझं लोणार’ म्हणून पडद्यावर दाखवायचं. आभाराच्या यादीत ‘स्थानिक ग्रामस्थ’ एवढे दोन शब्द. तिसरा एका साहेबांचा. त्यांनी आमच्या भरलेल्या पोत्यांपाशी उभं राहून फोटो काढवून घेतला आणि पोती तिथेच ठेवून गाडी निघाली. वर नेणारं वाहन मागितलं तर तरतूद नसल्याचं कळलं. पोती आम्हीच वर नेली.

२००९ पासून प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका म्हणून उभं राहिलं. सांडपाणी, शेती, अतिक्रमणं, वेडी बाभूळ या सगळ्यांवर जे काही हललं ते कोर्टाच्या काठीनं हललं, हे मान्य केलंच पाहिजे. विवरातली शेती थांबली, धुण्याला आळा बसला, समित्या झाल्या, पाहण्या झाल्या. हे सगळं हवंच होतं. मात्र त्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली. काठावरची माणसं या खटल्यातली एक अडचण बनली. अतिक्रमण करणारा, धुणं धुणारी, गुरं सोडणारा आणि पोती भरणारा, सगळे एकाच रांगेत. ज्यांच्यापासून सरोवर वाचवायचं त्यांच्या यादीत ते वाचवणारेही जाऊन बसले.

मग आलं २०२०. जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसलं, परदेशी वृत्तपत्रांत छापून आलं. पाण्याचे नमुने नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. खारटपणा वाढल्यानं मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी रंगलं, असा निष्कर्ष निघाला. पावसानंतर रंग ओसरला. सगळं जग लोणार बघत होतं आणि टाळेबंदीमुळे कुणी येऊ शकत नव्हतं. वाटाड्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा हंगाम त्यांनी घरात बसून टीव्हीवर पाहिला. त्यांना फोन येत होते, पण ते फुकट व्हिडिओ काढून पाठवा म्हणणाऱ्यांचे.

पाच महिन्यांत रामसर आलं. नांदूर मधमेश्वरनंतरचं राज्यातलं दुसरं. ४२७ हेक्टर क्षेत्र, १६० जातींचे पक्षी, यादीत करडा लांडगासुद्धा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे येऊन गेले. शेकडो कोटींच्या आराखड्यांची भाषा सुरू झाली. पुढल्या वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि लोणार नागपूर-संभाजीनगरच्या एका दिवसाच्या टप्प्यात आलं. त्यानंतरची वर्षं मला मोजावीशीच वाटत नाहीत. गाडी वळते, कडेवर थांबते, सगळे कठड्याला टेकतात, फोटो होतो, गाडी महामार्गाला लागते. मुक्काम नाही, जेवण नाही, खाली उतरणं नाही. रस्ता जितका चांगला तितका पाहुणा लवकर जातो, हे आराखड्यात कुठे लिहिलेलं नसतं.

दुसरीकडे काय झालं ते बघायचं तर खऱ्या किनाऱ्यावर जावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी फिरत असताना त्यांना तिथे कासवाच्या चोरलेल्या अंड्यांची टरफलं सापडली. त्यांनी गावकऱ्यांना किनाऱ्यावरून हाकललं नाही. अंड्यांच्या वाटा ज्यांना ठाऊक होत्या त्यांच्याच हाती राखण दिली, घरटी कुंपणाच्या आत हलवली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरवला. पाहुणा गावातल्याच घरात उतरतो, तिथलं जेवतो, पहाटे पिल्लं समुद्राकडे जाताना बघतो आणि पैसे त्या घरात ठेवून जातो. वेळासलाही गर्दी झाली, फोटोंचा उच्छाद झाला, ते सगळं खरं. पण तिथे कासव जगलं तर चूल पेटते हे गावाला कळतं. आमच्याकडे सरोवर जगलं काय, मेलं काय, काठावरच्या चुलीला त्याची धग लागत नाही.

आणि आताची बोच. अलीकडच्या पावसाळ्यांत सरोवराचं पाणी चढत गेलं आणि कमळजादेवीच्या देवळात शिरलं. कधीकाळी पाणी ओसरलं की सासू-सुनेची विहीर उघडी पडायची, तिच्या एका बाजूला खारं आणि दुसऱ्या बाजूला गोडं पाणी असल्याची गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगायचो. आज ती दाखवायला पाणबुड्या लागेल. गोडं पाणी वाढलं की खारटपणा पातळ होतो, आणि या सरोवराचं सगळं जीवन त्या खारटपणावरच उभं आहे. मग तज्ज्ञ येतात आणि विचारतात, मागच्या वर्षांच्या पातळीच्या नोंदी आहेत का? आमच्यातले एक शिक्षक दर श्रमदानाला पाणी देवळापासून किती पावलांवर आहे ते वहीत लिहायचे. पक्षी, झऱ्याची धार, कचऱ्याची पोतीसुद्धा. ती वही कुणी मागितली नाही. श्रमदान म्हटलं की सगळ्यांना झाडू दिसतो. तीच माणसं वर्षानुवर्षं त्याच जागी उभी राहून बघत असतात, हे दिसत नाही. शहरातून येणारी मोहीम दुपारपर्यंत चकचकीत काठ करून देईल, पण गेल्या वर्षी पाणी कुठे होतं हे तिला विचारून उपयोग नाही.

मी जुने दिवस परत मागत नाही. साबणाचा फेस आणि विवरातली शेती कुणालाच नको आहे. पण ज्या दर्जाचा हार आपण सरोवराच्या गळ्यात घातला, त्याचा करार १९७१ मध्ये इराणच्या रामसर गावी झाला आणि पाणथळ जागेचा सुज्ञ वापर हे त्याचं मूळ सूत्र आहे. १९९९ मध्ये कोस्टारिकातल्या सान होसेच्या परिषदेनं स्थानिक लोकांना व्यवस्थापनात सामील करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वंही मंजूर केली. तेव्हा मागणं साधं आहे, आणि ते दयेचं नाही. वाटाड्यांची नोंद करा आणि त्यांच्याशिवाय कुणाला खाली उतरू देऊ नका. तिकिटाचा ठरावीक हिस्सा काठावरच्या गावाच्या नावे जमा करा. पाण्याची पातळी, पक्षी आणि झरे यांच्या नोंदी ठेवायचं काम गावातल्या माणसांना पगारी द्या. गावात पाहुण्यांच्या मुक्कामाची घरं उभी राहू द्या. आणि नोंदणीचा एवढाच सोस असेल, तर रजिस्टर वेगळ्या जागी मांडा: श्रमदानाला येणाऱ्याची सही घेण्याआधी सरोवराच्या नावावर निधी मंजूर करून घेणाऱ्या प्रत्येकाची घ्या, आणि शेजारच्या रकान्यात तो खाली किती वेळा उतरला ते लिहा.