एसजीपीटी उतरले म्हणून निर्धास्त राहू नका!

घरातला माणूस वर्षानुवर्षे दारू पीत असेल आणि त्याच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हाती आला, तर घरची मंडळी आधी एसजीपीटीचा आकडा शोधतात. तो उतरलेला दिसला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि त्याला पुन्हा प्यायला निमित्त मिळते. फसगत होते ती इथेच.

एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम्स. पेशींना इजा झाली की ती रक्तात येतात. म्हणजे नासधूस चालू आहे, एवढेच ती सांगतात. यकृतात बळ किती उरले, हे त्यांवरून कळत नाही. सिरॉसिस होऊन यकृत कडक, गाठाळ झाले तरी हे आकडे जवळजवळ नॉर्मल असू शकतात.

उरलेले बळ कळते ते यकृत स्वतः बनवते त्या प्रथिनांवरून. पहिले अल्ब्युमिन. साधारणपणे ते १०० मिलिलिटर रक्तद्रवात ३.५ ते ५ ग्रॅम असते आणि पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. ते घटले की पायांवर सूज येते, जलोदर वाढतो. दुसरी, रक्त गोठवणारी प्रथिने. त्यांचा अंदाज प्रोथ्रॉम्बिन टाइमच्या तपासणीतून येतो. अल्ब्युमिन निम्मे व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. गोठवणारी काही प्रथिने मात्र काही तासांतच घटतात. म्हणून यकृत अचानक खचले, तर ते आधी प्रोथ्रॉम्बिन टाइममध्ये दिसते.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी १९७३ मध्ये मांडलेली चाइल्ड-प्यू गुणपद्धत आजही वापरात आहे. या दोन तपासण्या, बिलिरुबिन, जलोदर आणि यकृतविकारामुळे येणारा भ्रम या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. बेरीज १० किंवा अधिक झाली, तर धोका मोठा समजावा.

मात्र एकट्या आकड्यावरून घरीच निष्कर्ष काढू नका. मूत्रपिंडाच्या विकारातही अल्ब्युमिन घटते, तर ‘के’ जीवनसत्त्व कमी पडल्यास रक्त गोठायला वेळ लागतो. पथ्य म्हणून रुग्णाची डाळ, दूध, अंडी आपल्या मनाने बंद करणेही चूक आहे. त्याला प्रथिनांची गरज असते.

दिलासा एवढाच की, दारू कायमची सुटली तर अनेक रुग्णांचे हे आकडे काही महिन्यांत सुधारतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. ती एकदम तोडल्यास झटके येऊ शकतात. पुढचा रिपोर्ट येईल तेव्हा डॉक्टरांना आवर्जून विचारा, “अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम काय सांगतात?”