पगाराचे सॉफ्टवेअर बसविणाऱ्याला काय काय यावे लागते?

आमच्या भोईवाड्यात हल्ली एक नवा पेशा कानावर येतो. कुणाच्या मुलाची चौकशी केली तर वडील अभिमानाने सांगतात, "कंपन्यांत एच. आर. चे सॉफ्टवेअर बसवतो." ऐकणाऱ्याला वाटते की मुलगा संगणक दुरुस्त करीत असेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. पण हा पेशा तारा जोडण्याचा नाही, हिशेबाचा आहे. आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांतील मुलांना तो जमण्यासारखा असल्याने त्याची नीट ओळख करून द्यावी असे आम्हास वाटते.

माणूस कामावर लागल्यापासून सोडून जाईपर्यंतची त्याची हजेरी, रजा, पगार, उचल, प्रॉव्हिडंट फंड, ई. एस. आय., ग्रॅच्युइटी ही सगळी नोंद संगणकावर ठेवणारे हे सॉफ्टवेअर असते. बनविणारी कंपनी ते हजारो गिऱ्हाइकांसाठी एकसारखे बनवते. पण प्रत्येक पेढीचा रिवाज निराळा. कुठे रोजावर माणसे, कुठे नगावर, कुठे महिन्यावर. कापड गिरणीत एकसारखे निघते, अंगावर बसवायचे तर शिंप्याला माप घ्यावे लागते. हे माप घेणाऱ्यास इम्प्लिमेंटेशन कन्सल्टंट म्हणतात.

भोईवाड्याला हे काम अगदीच नवे नाही. परळ-नायगावच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा प्रत्येक गिरणीत टाईम ऑफिस असे. मागवाल्याचा पगार कामावर, महागाई भत्ता मुंबईच्या निर्देशांकावर, त्यात तीन पाळ्या आणि कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी बदली. बदलीवाल्यांची नोंद ठेवण्याची पद्धत गिरणीमालकांच्या संघटनेने १९३५ मध्ये सुरू केली. एवढे सगळे टाईम ऑफिसातील कारकून पेन्सिलीने जुळवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि हे कारकून घरी बसले. त्यांच्या डोक्यातील विद्येची किंमत तेव्हा कुणी केली नाही. आमच्या पेढीवर असेच एक काका पगारबुक लिहावयास आले. आम्ही उर्दू शाळेत शिकलेलो, त्यांचे अक्षर मराठी मोडीच्या वळणाचे. पण आकडा कधी चुकला नाही.

काका थकले तेव्हा आम्हीही सॉफ्टवेअर घेतले. दुकान, गोदाम आणि रंगाईचे खाते मिळून तीसेक माणसे होती. बसविणाऱ्या कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, दोष निम्मा आमचाच होता. तिकडून आलेला मुलगा हुशार, संगणकावर बोटे भरभर चालत. त्याने काकांची रजिस्टरे उघडलीच नाहीत. माणसांची यादी मागितली, आम्ही घाईत दिली, त्याने दोन दिवसांत भरली. वर्षभराने रंगाईच्या एका चाचांनी मुलीच्या लग्नासाठी फंडातून पैसे काढण्याचा अर्ज केला. अर्ज परत आला. आधार कार्डावर नाव एक, फंडात दुसरे, जन्मतारीख तिसरी. चाचा आमच्या गादीसमोर उभे राहून म्हणाले, "सेठ, माझेच नाव माझे नाही म्हणतात." दोघांच्या सह्यांचे जॉइंट डिक्लरेशन, शाळेचा दाखला, फेऱ्यांवर फेऱ्या. पैसे सात महिन्यांनी आले. लग्न उधारीवर झाले.

म्हणून या पेशातील पहिले कसब आम्ही नावाचे मानतो. महंमद, मोहम्मद, मोहंमद, नुसते मो.; इंग्रजीत त्याच्या आणखी पाच तऱ्हा. शेख कुणी आधी लावतो, कुणी शेवटी. बायकांच्या नावातील बी किंवा बानोला संगणक आडनाव समजतो. सॉफ्टवेअरला मात्र नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा तीन चौकटी भरून हव्या असतात. सप्टेंबर २०२१ पासून तर फंडाच्या खात्याला आधार जोडलेले नसेल तर त्या माणसाचा महिन्याचा भरणाच होत नाही. जुनी नोंद नव्या संगणकात नेण्यापूर्वी एकेका माणसाला समोर बसवून आधार, फंड आणि बँक या तिन्ही ठिकाणची नावे ताडून पाहणे, हे बसविणाऱ्याचेच काम आहे. कंटाळवाणे आहे खरे, पण त्याची मजुरी त्यातच आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. फंडाचा हप्ता वेतनाच्या १२ टक्के हे सर्वांना पाठ असते. पण मालकाच्या हिश्शातील ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, आणि २०१४ मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर ते १,२५० च होतात, हे माहीत नसेल तर पगारपत्रक जुळत नाही. ई. एस. आय. ची मर्यादा २०१७ मध्ये २१,००० झाली. पण माणसाचा पगार सहामाहीच्या मध्ये मर्यादेच्या वर गेला तरी ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापावीच लागते. हे विसरणारे पुष्कळ. महाराष्ट्राचा व्यवसाय कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ झाला. आता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि वेतनाची व्याख्याच बदलली: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरावयाचा. असे बदल होतच राहणार. संगणकात सूत्र कुठे बदलायचे ते शिकता येते. काय बदलायचे ते ज्यास कळते तो कन्सल्टंट.

तिसरे कसब डोळ्यांचे. आमच्याकडे बोटाच्या ठशाचे हजेरी यंत्र लावले. रंगाईवाल्यांची बोटे रसायनाने झिजलेली, यंत्र त्यांना ओळखीना. माणूस वेळेवर हजर आणि कागदावर गैरहजर. बसविणारा एकदा जरी खात्यात फिरला असता तर त्याने कार्ड किंवा चेहऱ्याचे यंत्र सुचविले असते. सुटीच्या यादीचेही तेच. ईदची तारीख चंद्रावर हलते, ती यादी मालकाला स्वतः बदलता आली पाहिजे.

ही फसगत फक्त आपल्यासारख्या छोट्या पेढ्यांची होते असे नाही. कॅनडा सरकारने २०१६ मध्ये आपल्या नोकरांच्या पगारासाठी फिनिक्स नावाची यंत्रणा सुरू केली. आय. बी. एम. सारखी कंपनी, मुळात पीपलसॉफ्टसारखे नावाजलेले सॉफ्टवेअर. पण पगाराचा तजुर्बा असलेल्या शेकडो कारकुनांची पदे आधीच काढून टाकली आणि यंत्रणेची पुरेशी परीक्षाही घेतली नाही. हजारो नोकरांना कुणाला कमी, कुणाला जास्त, तर कुणाला काहीच पगार मिळेना. ते निस्तरण्यास वर्षे गेली. आम्हाला हे वाचून आमचे टाईम ऑफिसवाले काका आठवले.

म्हणून जुने आणि नवे निदान दोन-तीन महिने बरोबर चालवावे. वही आणि संगणक यांचा पगार पैशापर्यंत जुळला म्हणजेच वही मिटावी. मालक घाई करतो, पैसे वाचवू पाहतो. त्याला अदबीने पण ठामपणे थांबविणे हेही बसविणाऱ्यास यावे लागते. मुनीमजी घाबरलेले असतात, आपली रोजी जाणार म्हणून माहिती दडवतात. त्यांना आपलेसे करता आले नाही तर अर्धे काम तिथेच अडते. शिवाय कुणाचा पगार किती, कुणावर उचल किती, हे सगळे त्याच्या डोळ्यांखालून जाते. तोंड बंद ठेवता येत नसेल त्याने या पेशात येऊ नये.

मुलांनी शिरावे कसे? संगणकाचा प्रोग्राम लिहिता येणे सक्तीचे नाही. या धंद्यात दोन जाती आहेत: एक प्रोग्राम लिहिणारे आणि दुसरे कामाची रीत समजून यंत्रणा बेतणारे. दुसऱ्या जातीत बी. कॉम. झालेला मुलगा चालतो. एक्सेल पक्के हवे, इंग्रजी पत्र लिहिता यावे. आधी एखाद्या लेबर कन्सल्टंटच्या किंवा चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत दोन वर्षे पगारपत्रके आणि फंडाचे भरणे करावेत, मग एक सॉफ्टवेअर धरून त्यात खोल जावे. काही मुले थेट सॅपच्या महागड्या कोर्सला पैसे भरतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी बसतात. ज्याने एकही पगारपत्रक हाताने केलेले नाही त्याला कुणी मोठी कंपनी आपल्या माणसांचा पगार सोपवीत नाही.

आणि व्यापारी बांधवांनी करार करण्यापूर्वी आलेल्या माणसाची छोटी परीक्षा घ्यावी. कागद-पेन द्यावे आणि विचारावे: माणसाने २० वर्षे ७ महिने काम केले, शेवटचे वेतन १८,२००, तर ग्रॅच्युइटी किती? २६ ने भागून १५ ने गुणले की एका वर्षाचे १०,५०० होतात, इथपर्यंत बहुतेक येतात. जो पुढे २० ने गुणून २,१०,००० सांगेल त्याला चहा पाजून वाटेला लावावे. सहा महिन्यांच्या वर गेलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. उत्तर २,२०,५०० आहे.