लग्नाच्या कॅसेटवर हार्ड डिस्क मावते का?

पेण किंवा रोह्यात जुन्या घराचा माळा आवरायला काढला की लग्नाच्या, मुंजीच्या, गौरी-गणपतीच्या व्हीएचएस कॅसेट्स हमखास निघतात. यात फार तर सिनेमा भरता येतो, ही आपली पक्की समजूत. एकेकाळी लोक याच कॅसेटवर कॉम्प्युटरमधली सगळी माहिती उतरवून ठेवत, असं सांगितलं तर ऐकणारा म्हणतो, काहीतरीच काय!

मुळात व्हिडिओ टेपवर चित्रं नसतातच. सिनेमाच्या रिळासारखी छोटी छोटी चित्रं असतील असं वाटतं खरं, पण असते ती चुंबकीय कणांचा लेप दिलेली प्लॅस्टिकची पट्टी. त्या कणांत विजेचा सिग्नल साठवलेला असतो. तो वरातीचा आहे की हिशेबाच्या आकड्यांचा, याच्याशी व्हीसीआरला देणंघेणं नाही. त्याची अट एकच, सिग्नल टीव्हीसारखा हवा. आपल्याकडच्या पाल पद्धतीत म्हणजे 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं. कॉम्प्युटरला जोडलेलं कार्ड शून्य-एकचे काळे-पांढरे ठिपके करून याच रेषांवर मांडतं. अशी कॅसेट टीव्हीवर लावली तर नवरा-नवरीऐवजी नुसत्या वळवळणाऱ्या मुंग्या दिसतील.

‘म्हणजे ऑडिओ कॅसेटवर प्रोग्राम ठेवायचे तसंच ना?’ हा पुढचा प्रश्न, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. 1986 च्या सुमारास भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने घरगुती कॉम्प्युटर मिळू लागला. तो प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवर आवाजाच्या रूपात साठवायचा. ‘एक’साठी लांब लहर, ‘शून्य’साठी आखूड. कर्कश किरकिर नुसती. वेग सरासरी सेकंदाला 1,500 बिट, त्यामुळे 48 केबी भरायला चार-साडेचार मिनिटं. हाच आवाज व्हीएचएसच्या कडेच्या ध्वनिपट्ट्यावरही भरता आला असता, पण त्यात फायदा काहीच नाही.

गंमत अशी की व्हीसीआरमधली टेप ऑडिओ कॅसेटपेक्षा हळू सरकते. ऑडिओ कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर, तर पाल व्हीएचएस जेमतेम 2.34. मग एवढी माहिती मावते कशी? कारण इथे हेड एका जागी बसून राहत नाही. 62 मिलिमीटर व्यासाचा तिरका ड्रम मिनिटाला 1,500 फेरे घेतो आणि त्यावरची दोन हेड्स टेपवर तिरप्या, केसापेक्षा बारीक रेघा ओढत जातात. टेपच्या तुलनेत हेडचा वेग पडतो सेकंदाला जवळजवळ पाच मीटर, म्हणजे टेपच्या दोनशे पट. सगळी करामत या ड्रमची.

‘हे हौशी लोकांचे उद्योग असणार,’ असंही म्हटलं जातं. पण अमेरिकेतल्या कॉर्व्हस कंपनीने 1980 च्या सुमारास हार्ड डिस्कची प्रत व्हिडिओ कॅसेटवर घेणारं ‘मिरर’ हे उपकरण विकायला काढलं होतं. मिनिटाला साधारण एक एमबी, आजच्या हिशेबाने गोगलगाय. रशियात 1992 साली झेलेनोग्राडच्या ‘आरविड’ कार्डाने तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटवर दोन जीबीपर्यंत मजल मारली, आणि ते कार्ड रिमोटचे इशारे पाठवून व्हीसीआरही स्वतःच चालवायचं. सोनीने तर 1977 सालीच ध्वनीचे आकडे व्हिडिओ टेपवर भरणारं यंत्र आणलं. सीडीचा सेकंदाला 44,100 नमुने हा विचित्र आकडा तिथलाच. प्रत्येक रेषेवर 3 नमुने, अर्ध्या चित्रात वापरायच्या 294 रेषा, सेकंदाला 50 अर्धी चित्रं. गुणाकार करून बघा.

तरीही ही पद्धत टिकली नाही, आणि ते योग्यच झालं. टेपवर कण उडाला तर चित्रात पांढरी रेघ चमकते, डोळा ती माफ करतो. आकड्यांत तसं चालत नाही. एक बिट चुकला तर फाइल गेली. म्हणून चूकदुरुस्तीचे जादा आकडे भरावे लागत आणि जागा खर्ची पडे. शेवटची एक फाइल हवी असली तरी टेप पुढे पळवत बसायचं, ते वेगळंच.

यावरून ‘टेप संपली’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. 2021 साली आलेल्या एलटीओ-9 या टेपवर 18 टीबी मावतात. रुंदी व्हीएचएससारखीच अर्धा इंच, फक्त तिथे फिरता ड्रम नाही.

आता माळ्यावरच्या कॅसेट्सचं काय? ‘एकदा लावून तर बघू’ हा त्यांच्याबाबतचा सगळ्यात महागात पडणारा समज. पावसाळ्यात पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्ती वाळता वाळत नाहीत, आणि त्याच दमट हवेत या टेपा वर्षानुवर्षं पडून आहेत. कॅसेटच्या खिडकीतून रिळाकडे बघा. कडेला पांढुरकी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. शिवाय टेप चिकटून फाटू शकते. ती आधी साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. बुरशी नसलेल्या कॅसेट्स सिलिका जेलच्या पुड्यांसह, बंद डब्यात उभ्या ठेवा आणि लवकरात लवकर डिजिटल करून घ्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने 2016 च्या जुलैमध्येच उत्पादन थांबवलं आहे.