दूरच्या पाखराचा रेखीव फोटो

पिंगळा आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? गावाबाहेरच्या चिंचेच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत तो राहतो आणि दिवेलागणीला कलकलाट करतो. त्याचा एक भाऊबंद सातपुड्याच्या सागवनात आहे. त्याला रानपिंगळा म्हणतात. १८७३ साली या पक्ष्याची शास्त्रीय नोंद झाली आणि १८८४ नंतर तो जणू नाहीसाच झाला. पुढे १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखवला जात असे. परंतु तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी होता आणि कर्नल माइनर्टझहागेन नावाच्या गृहस्थाने त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती, हे पुढे उघडकीस आले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकन अभ्यासकांना खानदेशात शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. तेव्हा त्यांनी त्याला मारून नेले नाही. त्याची छायाचित्रे आणि चलतचित्रे घेतली. पुढच्या काही वर्षांत आपल्या मेळघाटातही त्याचा पत्ता लागला.

आता असं पाहा, या दोन पिंगळ्यांतला फरक किती? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. त्याच्या छातीवर गडद तपकिरी रंग असतो, पोटाचा खालचा भाग पांढरा आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पन्नास पावलांवरून काढलेला फोटो जरा हलला, की ठिपके पुसले जातात आणि साधा पिंगळा रानपिंगळा होऊन बसतो! म्हणून फोटो रेखीव असणे ही केवळ हौसेची गोष्ट नाही. पक्षी कोणता, हे त्याच्यावर ठरते.

लांबचे जनावर जवळ दाखवणारी लेन्स म्हणजे टेलिफोटो. साधी लेन्स ५० मिलिमीटरची धरली, तर ६०० मिलिमीटरची लेन्स पक्षी बारा पट मोठा दाखवते. पण ती हाताचा कंपही बारा पट मोठा करते, हे विकत घेणाऱ्याला दुकानात कोणी सांगत नाही. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. आरशाने भिंतीवर कवडसा पाडा. भिंत हाताच्या अंतरावर असेल तर कवडसा जागचा हलत नाही. तीच भिंत मैदानापलीकडे असेल तर आरसा केसभर कलताच कवडसा वावभर उडी मारतो. लांब लेन्सचे तसेच आहे.

यावर पहिला उपाय वेगाचा. शटर जितका कमी वेळ उघडे राहील तितका कंप कमी नोंदला जातो. जुना अंदाज असा, की लेन्स ६०० मिलिमीटरची असेल तर शटर सेकंदाच्या सहाशेव्या भागाहून जास्त वेळ उघडे नसावे. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा पडदा लहान आकाराचा असेल तर हजारावा भाग धरावा. कंप शोषून घेणारी यंत्रणा हल्लीच्या लेन्समध्ये असते, पण ती आपला हात स्थिर करते, पाखराला नव्हे! बसलेला पक्षीही मान सारखी फिरवतो, आणि उडता पक्षी टिपायचा तर दोनहजाराव्या भागापर्यंत जावे लागते. अशा वेगाला प्रकाश अपुरा पडला तर कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ज्याला आयएसओ म्हणतात, ती खुशाल वाढवावी. फोटोत थोडे दाणे येतील. दाणेदार फोटोतून पक्षी ओळखता येतो, हललेल्या फोटोतून येत नाही.

दुसरा उपाय टेकूचा. त्यासाठी महागडी तिपाई हवीच असे नाही. जाड कापडाची एक थैली शिवावी, ज्वारीने पाऊणएक भरावी, तोंड पक्के शिवून टाकावे आणि गाडीच्या दारावर किंवा शेताच्या धुऱ्यावरील दगडावर ठेवून लेन्स तीत रुतवावी. डावा हात लेन्सच्या खाली किंवा वर अलगद असावा. गाडीचे इंजिन मात्र बंद करायला सांगावे. चालू इंजिनाच्या थरथरीपुढे थैलीचे काही चालत नाही.

तिसरी गोष्ट नेम. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने १० मीटरवरचा पक्षी टिपताना लेन्सचे तोंड पूर्ण उघडे असेल, तर जेमतेम १० सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. चोच स्पष्ट आणि डोळा पुसट असे सहज होते. म्हणून फोकसचा एकच बारीक बिंदू निवडून तो डोळ्यावर धरावा. हल्लीचे काही कॅमेरे डोळा आपोआप शोधतात. पण मध्ये गवताची काडी आली, की तेही काडीलाच डोळा समजतात.

एवढे सगळे करूनही फोटो मऊ येतो आणि माणूस लेन्सला दोष देतो. इथे आपल्या वऱ्हाडाची गोष्ट येते. अकोल्या-अमरावतीकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो. काळी जमीन, डांबरी रस्ता, धरणाकाठचा कोरडा गाळ तापतो, त्यावरची हवा तापून हलकी होते आणि गार हवेत मिसळत वर चढते. अशा गरम-गार थरांतून येताना प्रकाश पदोपदी वाकतो. आमच्या वेळी याला वक्रीभवन म्हणत; हल्लीच्या पुस्तकात अपवर्तन म्हणतात. चुलीवरून पलीकडे पाहिले की भांडी लवताना दिसतात ना, तेच हे. कारंजा-सोहोळच्या माळावर दुपारी दोनशे मीटरवरचा काळवीट टिपला, तर त्याच्या शिंगांचे पीळ विरघळल्यासारखे दिसतील. लाख रुपयांची लेन्सही ही हवा गाळून काढू शकत नाही. हिवाळ्यातही ऊन चढल्यावर हे घडते. थंड यंत्र लावलेल्या गाडीची काच उघडून लगेच फोटो काढला, तरी खिडकीपाशीच दोन हवांची झुंज असते.

दोष कोठला, हे ओळखायची एक रीत आहे. एकाच जागेवरून लागोपाठ दहा फोटो घ्यावेत. सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसले, तर हात किंवा वेग कमी पडला. पक्ष्यापुढची किंवा मागची फांदी स्पष्ट आली, तर नेम चुकला. आणि दर फोटोत कडा वेगवेगळ्या वाकलेल्या दिसल्या, तर हवेचा दोष समजावा व कॅमेरा पिशवीत घालावा. सरावाला जंगल कशाला? एस.टी.च्या थांब्यावरील पाटी पुरते.

हवेवर उतारा दोनच: सकाळची वेळ आणि कमी अंतर. सकाळ आपल्या हातात आहे. अंतर कमी करायचे म्हणून पक्ष्याच्या मागे धावू नये. तो उडतो आणि फोटोही जातो. पाणवठ्यापासून बेताच्या अंतरावर गुमान बसावे, त्याला येऊ द्यावे. बैलगाडीला आणि औत हाकणाऱ्याला काळवीट फारसे बुजत नाहीत, हे शेतकऱ्याला सांगायला नको. शहरातून येणाऱ्या छायाचित्रकाराकडे नसलेली ही सोय आपल्याकडे आहे. मात्र घरट्याजवळ बसू नये. आईबाप पिलांना चारायला यायचे थांबतात. अनेक स्पर्धा घरट्यावरचे फोटो स्वीकारीतही नाहीत.

शेवटी संगणकाविषयी. पुसट फोटो रेखीव करून देणारी नवी साधने आली आहेत. त्यांतली काही साधने नुसत्या कडा उठवीत नाहीत, तर नसलेली पिसे अंदाजाने भरतात. भिंतीवर लावायच्या तसबिरीला ते चालेल. पण मेळघाटात तुम्हाला कोऱ्या डोक्याचा पिंगळा दिसला, तर कॅमेऱ्यातून निघालेली मूळ प्रत तशीच राखून ठेवा, तिच्यासोबत तारीख, वेळ आणि जागा लिहा आणि वनखात्याला कळवा. झाडाचा ठावठिकाणा चार लोकांत सांगू नका. आणि पुसट असेल तर पुसटच पाठवा. डोक्यावरचे ठिपके पक्ष्याचे की यंत्राचे, हा प्रश्न मग पाहणाऱ्याला पडणार नाही.