समजून घ्या : तुंगार्ली कोकणाची की देशाची? एकाच प्रश्नाला पाणी, शिलालेख आणि देवीची वेगवेगळी उत्तरे

पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्यातील तुंगार्लीत गाड्यांच्या रांगा लागतात. पर्यटकांसाठी ही जागा म्हणजे धरण, बंगले आणि राजमाचीच्या वाटेची सुरुवात. सरकारी कागदावर ती मावळ तालुक्यात, पुणे जिल्ह्यात आहे. मात्र 'प्रदेश' म्हणजे केवळ नकाशावरची हद्द नव्हे, असे मानव्यविद्येचे अभ्यासक सांगतात. ते कसे, हे समजून घेण्यासाठी तुंगार्लीचा परिसर उत्तम उदाहरण आहे.

पाणी कोणत्या दिशेला जाते?

हा परिसर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेला भीमेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. राजमाचीच्या बाजूने उतरणारी उल्हास नदी अरबी समुद्राला मिळते. म्हणजे भूगोलानुसार हा सीमेवरचा परिसर.

पण ही सीमा माणसाने बदलली. तुंगार्लीशेजारच्या वळवणसह काही धरणांचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ मध्ये टाटांचे खोपोली वीज केंद्र सुरू झाले. पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला वळले आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या.

शिलालेख काय सांगतात?

जवळच्या कार्ले लेण्यांतील ब्राह्मी लेखांत दानाच्या नोंदी आहेत. दात्यांमध्ये धेनुकाकट गावचे 'यवन' आहेत, तसा वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठीही आहे. एका सातवाहनकालीन लेखातील स्थळनामाशी अभ्यासक 'मावळ' हे नाव जोडतात. आज आडबाजूचा वाटणारा हा डोंगर त्या काळी बंदरे आणि देश यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गावर होता.

देवी कोणाची?

कार्ले लेण्यांच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील अनेक कुटुंबांची ती कुलदेवता. चैत्रातील यात्रेला कोकणातून पालख्या घाट चढून येतात. भूगोलात जो घाट दोन प्रदेश वेगळे करतो, तोच भाविकांसाठी त्यांना जोडतो.

हे धागे कोणी जोडले?

गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरात पायी फिरून देवींची ठाणी, अश्मयुगीन हत्यारे आणि जुन्या वाटा यांचा एकत्र अभ्यास केला. अनेक ठाणी जुन्या वाटांच्या संगमावर आहेत, असे त्यांनी मांडले. त्यांचे 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक १९६२ मध्ये आले. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' (२००३) या पुस्तकात महाराष्ट्रातील नद्या, यात्रा आणि कथा यांतून लोकांच्या मनात प्रदेश कसा घडतो, हे दाखवले.

याने फरक काय पडतो?

उत्तर शेजारच्या मुळशीत मिळते. अभियंत्याच्या नजरेने ते खोरे म्हणजे पाणीसाठा आणि खाली उतरण्यासाठी मिळणारी उंची. तिथल्या मावळ्यांसाठी तीच भातखाचरे, देवळे आणि घरे होती. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. तरीही धरण झाले आणि गावे बुडाली. खोऱ्याची ओळख कोणाच्या भाषेत ठरते, यावर तिथे कोण राहणार हे ठरले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर आहे. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. तुंगार्लीहून राजमाचीकडे चालत निघालेल्या विद्यार्थ्याला पाण्याची दिशा पाहता येते, वाटेवरच्या देवांची नावे विचारता येतात आणि सातबाराही तपासता येतो. तिन्हींची उत्तरे जुळली नाहीत, तर अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते.