बाप परराज्यात गेला तरी लेकराची पोटगी सुटत नाही

दिवाळी सरली की शिरूर कासार तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या ओस पडतात. कोयते पश्चिम महाराष्ट्रात जातात, तसेच कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटकडच्या कारखान्यांवरही. हंगाम संपला की बहुतेक माणसं परततात. एखादा मात्र तिकडंच राहतो, अन् लेकरं मायच्या गळ्यात पडतात. "परराज्यातल्या माणसाला कुठं धरायचं?" असं म्हणून माय गप्प बसते. पण कायदा तिच्या बाजूचा आहे.

पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. हा कायदा कर्नाटकातही तोच आहे. अज्ञान मूल औरस असो की अनौरस, त्याला पोटगीचा हक्क आहे.

अर्जासाठी बेळगावला खेटे घालायची गरज नाही. कलम १४५ प्रमाणे बायको जिथं राहते, म्हणजे माहेरच्या हद्दीतही, अर्ज करता येतो. तिथं कौटुंबिक न्यायालय असेल तर त्यात, नसेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पुरावा नवऱ्यासमोर किंवा त्याच्या वकिलासमोर घेतला जातो. तो जाणूनबुजून समन्स टाळत असेल, तर एकतर्फी निकाल होऊ शकतो. म्हणून कारखान्याचं नाव, टोळीचा मुक्काम, मुकादमाचा पत्ता हे आधीच लिहून ठेवा.

कागद कोणते जमवायचे? मुलांचे जन्मदाखले, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लग्नपत्रिका किंवा फोटो. पोटगीच्या कामात लग्नाचा पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितलं आहे. कमाईसाठी उचलीचा कागद, बँकेचं पासबुक अन् सातबारा, आठ-अ जोडा. मोबाइलमधले मेसेज दाखवायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते वकिलाकडून करून घ्या, मूळ मोबाइल मात्र जपून ठेवा.

"माझ्याकडं काहीच नाही" हे नवऱ्याचं नुसतं तोंडी सांगणं पुरत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मिळकत व देण्याचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. शेतीवाल्यांसाठी त्यात जमीन, पिकं, जनावरं यांचा वेगळा तपशील आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असंही त्यात ठरलं. निकाल लांबला तर अंतरिम पोटगी मागावी. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्या अर्जाचा निकाल व्हावा, असं कायदा म्हणतो.

हुकूम झाल्यावर कलम १४७ प्रमाणे तो माणूस जिथं असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत वसुली करता येते. मग ते गाव कर्नाटकातलं का असेना. पैसे थकवले तर जप्ती, अन् तरीही न भरल्यास कैद होऊ शकते. मात्र थकलेल्या रकमेसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. ही मुदत चुकवू नका.

वकिलाच्या फीची धास्ती नको. महिला व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटलांना एकच विनंती. टोळी निघण्याआधी कोण कुठल्या कारखान्यावर चाललं, याची नोंद गावात ठेवा. उद्या एखाद्या मायला समन्ससाठी पत्ता लागेल, तेव्हा तीच नोंद उपयोगी पडेल.