मैदानाच्या कडेला आम्ही चौघे

पावसाळा सरला की आमच्या चौघांच्या फोनवर एकच प्रश्न फिरू लागतो, "आंतरविभागीयच्या तारखा लागल्या का?" हे चौघे कोण, ते आधी सांगतो. एक एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर साहेब, एक झेंडीगेटचे टेलर मास्टर, एक उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर आणि चौथे हे लिहिणारे आम्ही. चौघांपैकी कोणीही कधी कुठल्या संघातून खेळलेले नाही. दोघांनी तर कॉलेजची पायरीही चढलेली नाही. तरीही गेली तीसेक वर्षे पुणे विद्यापीठाचा संघ हा आमचा संघ आहे.

मैदानावर आम्हाला नेहमी एकच प्रश्न विचारला जातो, "चाचा, तुमचा मुलगा खेळतोय का?" आम्ही म्हणतो, "नाही." पुढचा प्रश्न, "मग पुतण्या, भाचा?" तोही नाही. विचारणारा गोंधळतो. कारण विद्यापीठाच्या सामन्याला खेळाडूंचे मित्र येतात, क्रीडाशिक्षक येतात, क्वचित एखाद्याचे वडील येतात. केवळ बघायला म्हणून कोणी येत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाख सात हजारांवर प्रेक्षक बसतात आणि ते भरते. आमच्याकडे थर्मास घेऊन आलेले चार म्हातारे हीच गर्दी.

या नादाची सुरुवात कंडक्टर साहेबांपासून झाली. एकदा त्यांच्या गाडीत संगमनेरहून खो-खोच्या मुलींचा संघ बसला. नगरला गाडी दोन तास थांबणार होती. मुली मैदानाकडे निघाल्या, तसे हेही तिकिटाची पेटी डेपोत ठेवून मागोमाग गेले. परतल्यावर म्हणाले, "एका मुलीने खांबावर असा सूर मारला की माझा श्वास अडकला, आणि टाळी वाजवायला मी एकटाच!" पुढच्या वेळी ते आम्हाला घेऊन गेले. तेव्हापासून जातोच आहोत.

संघ कसा घडतो

पुणे विद्यापीठाची स्थापना 1949 ची. 2014 मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. पुणे, नगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. खेळासाठी चार विभाग आहेत : पुणे शहर, पुणे जिल्हा, नाशिक आणि आपला नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. आधी महाविद्यालये आपसांत खेळतात, त्यातून विभागाचा संघ निवडला जातो. मग चार विभाग एकमेकांशी भिडतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ उभा राहतो. तो पश्चिम विभागात इतर राज्यांतल्या विद्यापीठांशी खेळतो आणि तिथे टिकला तर अखिल भारतीय स्पर्धेला जातो. विद्यापीठाकडून खेळला की खेळाडूला 'कलर' मिळतो. गावाकडे आजही लग्नाच्या बोलणीत "मुलगा युनिव्हर्सिटी कलर होल्डर आहे" असे अभिमानाने सांगतात.

पण या वाटेवर गळती फार. अकोल्याच्या, पाथर्डीच्या, श्रीगोंद्याच्या ज्या मुलाला आम्ही पहिल्या वर्षी डोळे भरून पाहतो, तो तिसऱ्या वर्षी दिसत नाही. विचारले तर कळते, वडील आजारी पडले, दुकानावर बसला. मुलगी असेल तर बहुधा लग्न झालेले असते. शाळेतला खेळ सगळ्यांना कौतुकाचा वाटतो. भारताच्या संघातला खेळ टीव्हीवर दिसतो. मधली चार-पाच वर्षे, सतरा ते बावीस वयातली, कोणाच्याच नजरेत नसतात. खेळाडू टिकतो किंवा सुटतो, तो नेमका याच वर्षांत.

मौलानांच्या नावाची ढाल

आमच्या मास्तरांनी एक गोष्ट शोधून काढली आणि तेव्हापासून ती प्रत्येक नव्या माणसाला ते सांगतात. आंतरविद्यापीठ खेळांत वर्षभरात सर्वांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठाला जो मान दिला जातो, तो मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा आहे. 1956-57 पासून ही ट्रॉफी दिली जाते. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने ती सर्वाधिक वेळा नेली आहे. आणि हेच मौलाना ऑगस्ट 1942 पासून 1945 पर्यंत आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. पंडित नेहरू त्यांच्या सोबत होते. त्याच कैदेत मौलानांच्या बेगम कलकत्त्याला वारल्या, त्यांची शेवटची भेटही होऊ शकली नाही. 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकातली पत्रे त्यांनी इथेच लिहिली. त्यात चहावर पाने खर्ची घातली आहेत आणि चहात दूध घालणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली आहे. आमच्या थर्मासमधला दाट दुधाचा चहा ओतताना मास्तर दर वेळी म्हणतात, "मौलानांची माफी मागून."

देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्याच्या नावाने खेळाची ट्रॉफी असावी, यात अर्थ आहे. खेळ हा अभ्यासाच्या आड येणारा नाद नसून शिक्षणाचाच भाग आहे, हे त्या नावातच आले.

आमच्या विद्यापीठाचा सर्वांत मोठा हुंदका 2020 चा. भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भरल्या. उद्घाटन 22 फेब्रुवारीला, म्हणजे मौलानांच्या पुण्यतिथीच्याच दिवशी झाले. आठवडाभर आम्ही फोनवर पदकतक्ता बघत होतो. शेवटच्या दिवसाआधी पुणे पहिल्या क्रमांकावर होते. टेलर मास्टरांनी पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवली. शेवटी चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाची 17 सुवर्णपदके आणि पुण्याचीही 17 च. रौप्यपदके मात्र त्यांची 19 आणि आमची 11. ढाल पंजाबला गेली. पेढे आम्ही खाल्लेच. दुसरा क्रमांक काही कमी नव्हता.

श्रीरामपूरचा मुलगा

जिल्ह्यातल्या खेळाडूंची गोष्ट निघाली की प्रत्येक जण झहीर खानचे नाव घेतो. घ्यायलाच हवे. 1978 मध्ये श्रीरामपुरात जन्मलेला, वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. मराठी शाळेत शिकला. लोणीला प्रवरेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याने नाव घातले होते, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. म्हणजे तो आमच्याच विद्यापीठाचा विद्यार्थी झाला असता. पण देशात इंजिनीअर पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असे वडिलांनीच त्याला सुचवले आणि सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला. नॅशनल क्लबात सुधीर नाईकांनी त्याला घडवले, पुढे चेन्नईची एम.आर.एफ. अकादमी, मग बडोद्याचा रणजी संघ आणि 2000 मध्ये भारताचा. 92 कसोटींत 311 बळी. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी. अंतिम सामन्यातली त्याची पहिली पाच षटके आठवा : तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. 2020 मध्ये पद्मश्री.

आम्ही मात्र या गोष्टीतून वेगळेच काही उचलतो. झहीरचा डावा हात ही अल्लाहची देणगी. पण इंजिनीअरिंगची जागा सोडायला सांगणे, हा एका मध्यमवर्गीय मुस्लिम घरातल्या बापाचा निर्णय होता. तेव्हा तो मुलगा प्रसिद्ध नव्हता, 311 बळी कोणाला दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त सतरा वर्षांचा पोरगा. अशा वेळी जो विश्वास ठेवतो, तो खरा चाहता. नंतर तर सगळा देशच टाळ्या वाजवतो.

जे टीव्हीवर आले नाहीत

आम्ही पाहिलेले बहुतेक खेळाडू पेपरात एका ओळीपुरते आले. चारशे मीटर धावणारा एक जण आज चौकात वाहतूक सांभाळतो. आम्हाला पाहिले की शिट्टी वाजवून आमची रिक्षा आधी सोडतो. कबड्डीतला एक चपळ चढाईपटू तालुक्याच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे, आता त्याचे विद्यार्थी विभागात खेळतात.

आणि एक खो-खोची मुलगी. नेवाशाकडच्या एका गावात ती नवऱ्याबरोबर पिठाची गिरणी चालवते. आम्ही लग्नाला गेलो होतो, गिरणीवर पाटी वाचली, आडनाव ओळखीचे वाटले. मास्तरांनी विचारले, "1998 ला पुणे शहराविरुद्ध दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण केलेले तुम्हीच ना?" तिच्या हातातला डबा तसाच राहिला. "तुम्हाला कोणी सांगितले?" आम्ही म्हणालो, "कोणी नाही. आम्ही होतो तिथे." तिने मुलाला हाक मारली, समोर उभे केले आणि म्हणाली, "पुन्हा सांगा, याला सांगा." तो चौदा वर्षांचा मुलगा आपल्या आईकडे असा बघत राहिला की जणू प्रथमच पाहतोय.

त्या दिवशी आम्हाला आमचे काम कळले. कप आणि पदके कपाटात जातात. खेळ मात्र कोणाच्या तरी आठवणीत राहावा लागतो.

परीक्षा घरात आली

आता जी गोष्ट सांगतो, ती टेलर मास्टरांच्या परवानगीने. गेल्या वर्षी त्यांची नात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, विद्यापीठाच्या खो-खो संघात निवडली गेली. पश्चिम विभागाची स्पर्धा परराज्यात, जाऊन-येऊन आठ दिवस. मुलीचे आई-वडील तयार होते. नाही म्हणाले ते मास्टर.

आम्ही तिघे सुन्न झालो. तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलींना "शाब्बास बेटी" म्हणणारा माणूस! ते म्हणाले, "सोबत कोण असणार? राहणार कुठे? कपडे काय? उद्या रिश्ता आला तर लोक काय सांगतील?"

आम्हाला रागावायचे होते, पण तोंड उघडेना. कारण आमच्या घरात हेच घडले होते. आमची मुलगी शाळेत असताना धावायची, तालुक्यात पहिली आली होती. दहावीनंतर आम्हीच म्हणालो, आता पुरे. ती काही बोलली नाही, बूट धुऊन माळ्यावर ठेवले. त्याच हिवाळ्यात आम्ही मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्यांच्या मुलींसाठी टाळ्या वाजवत होतो. हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा मित्रांसमोर बोललो. मास्टर बराच वेळ गप्प बसले.

मग कंडक्टर साहेब म्हणाले, "प्रश्न विचारलेत ना? मग उत्तरे आणू." ते महाविद्यालयात गेले, क्रीडा संचालकांना भेटले आणि वहीत लिहून आणले. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असतात. यजमान विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात मुक्काम. रेल्वेचे आरक्षण सगळ्यांचे एकत्र. अंगभर ट्रॅकपँट, जर्सीखाली लांब बाह्या आणि डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून खेळायला व्यवस्थापकांची हरकत नाही. मास्तरांनी भर घातली : फुटबॉलच्या जागतिक संघटनेने 2014 मध्ये आणि बास्केटबॉलच्या 2017 मध्ये डोके झाकून खेळायला मुभा दिली. आणि निजामाबादच्या निखत झरीनच्या घरीही नातलग असेच बोलत होते. वडील पाठीशी राहिले, ती 2022 मध्ये मुष्टियुद्धात जगज्जेती झाली.

मास्टरांनी वही दोनदा वाचली. संध्याकाळी दुकानात गेलो तर ते निळ्या लवचीक कापडाच्या बाह्या शिवत होते.

संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला. निकाल मगरिबच्या सुमारास फोनवर आला. मास्टरांनी मशीन थांबवले, आकडे वाचले. नातीने एका डावात एक मिनिट चाळीस सेकंद संरक्षण केले होते. "चांगला वेळ आहे," ते म्हणाले, "बाद कशी झाली ते विचारा." ती परत आली तेव्हा त्यांनी आधी तिला जवळ घेतले, मग जर्सी हातात घेऊन छातीवरचे विद्यापीठाचे नाव पाहिले. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे आपल्या नगरातच गिरवले होते, हे मास्तरांनी पूर्वीच सांगितले होते. मास्टर मात्र शिवण बघत होते. "बगलेत उसवलीय. सूर मारताना. मी डबल टाके घालून देतो."

वाचक भगिनी आणि बंधूंनो, तुमच्या गावातही असे मैदान आहे. जवळच्या महाविद्यालयात विचारा, सामने कधी आहेत ते सांगतील. तिकीट नसते, खुर्ची मिळाली तर मिळते. मुलांना न्या, मुलींना जरूर न्या. ओळखीचे कोणी खेळत नसले तरी बसा आणि चांगल्या खेळाला नावाने दाद द्या. तुमच्या घरातून कोणी निवडले गेले, तर मनात येणारे प्रश्न दाबू नका, नीट विचारा आणि उत्तरे मिळाली की वाट मोकळी करा.

यंदाच्या आंतरविभागीयला आम्ही निघालो, तेव्हा आमची मुलगी माहेरी आलेली होती. म्हणाली, "अब्बा, मीही येते." तिच्या आठ वर्षांच्या मुलीलाही तिने सोबत घेतले. मैदानावर कोणीतरी विचारलेच, "चाचा, तुमचे कोणी खेळतेय का?" टेलर मास्टर घाईघाईने म्हणाले, "आहे, माझी नात आहे." आमची नात मात्र कडेच्या पांढऱ्या रेषेवरून पळत सुटली होती. मुलीने तिला हाक मारून थांबवले नाही. आम्हीही नाही.